विद्याच्या तळ्याला पंखा लागत नाही

४ ऑगस्ट, मंगळवार. सकाळपासून प्राणवायू मोजायच्या मीटरचं टोक साफ करत बसले आहे. त्याच्या तोंडाशी एक पातळ पापुद्रा असतो. त्यावर शेवाळ बसलं की मीटर खोटं बोलतं, म्हणून तो पापुद्रा बदलायचा, आत द्रावण भरायचं आणि बुडबुडा राहिला नाही ना ते उजेडात धरून बघायचं. पावसाळ्यात आमच्याकडे कोळंबीचं पीक घेत नाहीत, त्यामुळे अशी कामं या दिवसांत उरकून घेते. दिवाळी अंकासाठी माझ्या कामाचा अनुभव लिहून द्या, असा संपादकांचा निरोप येऊन पंधरवडा झाला. हात कामात असले की मला बरं सुचतं.

माझं काम दुसऱ्यांची तळी सांभाळण्याचं. मी बेळगावजवळच्या सांबऱ्याची, शेतकऱ्याच्या घरातली. मत्स्यशास्त्र शिकले, बरीच वर्षं अंकोल्याकडे खाडीकाठच्या कोळंबी तळ्यांवर नोकरी केली आणि आता निपाणीत बसस्टँडमागे एक खोली घेऊन आजूबाजूच्या चार तळ्यांना सल्ला देते. लोक विचारतात, समुद्र कुठं, निपाणी कुठं, कोळंबी आली कशी? ती आली उसामुळे. वेदगंगेच्या काठाला वर्षानुवर्षं उसाला पाणी पाजून पाजून काही जमिनी मीठफुटीच्या झाल्या. वर पांढरा थर येतो, ऊस सोडा, गवत धड उगवत नाही. त्या जमिनीखालचं पाणी खारट असतं. परदेशी जातीची एक कोळंबी असल्या मचूळ पाण्यातही जगते. ज्या जमिनीची आशा सोडून दिली होती, तिच्यात तळं खणून माणसं पीक घ्यायला लागली.

ऐकायला छान वाटतं. पण मचूळ पाणी म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे. त्यात मीठ असतं, पण पोटॅशियम कमी पडतं. मग कोळंबीला पेटके येतात आणि ती कण्यातून वाकून तशीच राहते. त्यासाठी क्षार टाकावे लागतात. खाद्य चार वेळा द्यायचं आणि जाळीची थाळी बुडवून ते खाल्लं की नाही ते बघायचं. उरलेलं खाद्य आणि विष्ठा तळाशी कुजून काळा गाळ होतो. हा गाळ कोळंबीचा प्राणवायू खातो. म्हणून पाणी घुसळणारी चाकं लावतात, त्यांना आमच्याकडे सगळे पंखा म्हणतात. जितकी कोळंबी दाट, तितके पंखे जास्त आणि तितका गाळ जास्त. आणि पीक काढताना हा सगळा काळा घोळ जातो कुठं? ओढ्यात.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटतात. निपाणीतले एक तंबाखूचे व्यापारी होते. गोदाम अर्धं रिकामं पडलं म्हणून त्यांनी कोळंबीत हात घातला. एकदा त्यांचा फोन आला, "बाई, कोळंबी रुसलीय. दोन दिवस झाले, थाळी जशीच्या तशी वर येत्या." मी गेले. पाणी चांगलं, तळ चांगला, कोळंबी उपाशी. खाद्याच्या पोत्यात हात घालून वास घेतला आणि शिंका आवरेनात. शेटजींनी खाद्य गोदामात नेऊन तंबाखूच्या जुन्या पोत्यांत भरून ठेवलं होतं. म्हणे, आमच्या पोत्याला घूस तोंड लावत नाही. मी म्हटलं, कोळंबीपण लावत नाही. ते म्हणाले, "आमच्या चार पिढ्या ह्या वासात वाढल्या, कुणी रुसलं न्हाय." पुढच्या वर्षी त्यांनी तळं मोडून मंगल कार्यालय काढलं. ते चांगलं चालतं.

पण आज मला शेटजींवर लिहायचं नाही. ज्या बाईचा मला हेवा वाटतो तिच्यावर लिहायचं आहे. कारण या धंद्याबद्दल जे सांगण्यासारखं आहे ते तिच्या तळ्यावर आहे, माझ्या नाही.

तिचं नाव विद्या. बेळगावात टिळकवाडीत बंगला, वडील वकील, नवरा बंगळुरूला कंपनीत. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. वेदगंगेच्या काठच्या एका गावात, गावाचं नाव सांगत नाही, तिच्या आजोळची मीठफुटीची जमीन होती. तीन वर्षांपूर्वी तिथे येऊन तिने तळं खणलं, माझ्या सगळ्यांत मोठ्या गिऱ्हाइकाच्या बांधाला लागून, त्याच्या वरच्या अंगाला. हे गिऱ्हाईक म्हणजे बाबगोंडा अण्णा. पन्नाशीचा तालेवार गडी, बोलायला गोड, ऐकायला कठीण. त्याच्या तळ्यावरच माझं नाव या भागात झालं होतं. तो जिकडे जाईल तिकडे बाकीची तीन तळी जाणार, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

विद्याने काय केलं ते ऐका. आम्ही सोडायचो त्याच्या तिसरा हिस्सा बी, म्हणजे कोळंबीची पिल्लं, तिने सोडलं. जमिनीचा निम्मा तुकडा तळं न करता मोकळा ठेवला आणि तिथे वर एक उथळ साठवण केली. तळ्यातलं घाण पाणी ती तिच्यात चढवायची, गाळ खाली बसायचा, पाणकणीस लावलं होतं ते त्यातला कस शोषायचं आणि थोडे चिलापी मासे उरलंसुरलं खायचे. तेच पाणी पुन्हा तळ्यात. ओढ्यात थेंब नाही. बी विरळ असल्यामुळे पंखे दिवसा बंदच. बाबगोंडा अण्णाच्या तळ्यावर चार पंख्यांचा घरघराट आणि बांधापलीकडे तिच्या तळ्यावर बगळे उभे. शांत. मला त्या शांततेचाच राग यायचा.

राग यायचं कारण असं की हे सगळं तिच्या आधी मी सांगितलं होतं. खाडीकाठी मी काय बघितलं नव्हतं? एकाने सोडलेलं काळं पाणी भरतीबरोबर दुसऱ्याच्या तळ्यात, त्याचा रोग तिसऱ्याच्या. कोळंबीच्या पाठीवर पांढरे ठिपके दिसले की आठवडाभरात सगळ्या काठाची तळी रिकामी होत. कडेची खारफुटी तोडून तळी वाढवली होती, त्यामुळे पाणी गाळणारंही काही उरलं नव्हतं. मी तिथून एवढंच शिकून आले की बी कमी सोडा आणि आपला गाळ आपल्याकडे ठेवा. निपाणीला आल्यावर बाबगोंडा अण्णाला पहिल्या भेटीत हेच सांगितलं. तो हसला.

"आक्का, ऊस आमी दाटच लावतोय. विरळ लावला की बघणारा म्हणतोय, बियाणं कमी पडलं काय?"

"अण्णा, ऊस श्वास घ्यायला पाण्यावर येत नाही."

"पंखे लावू की. पंख्याला काय लागतंय?"

मी वाद वाढवला नाही. वाद घालणाऱ्या बाईला कोण तळं देतं? पंखे लावले, पीक काढून दाखवलं, नाव झालं. आणि तीन वर्षांनी टिळकवाडीहून पांढरे बूट घालून एक बाई येते, तेच करून दाखवते आणि बाबगोंडा अण्णा मला सांगतो, "म्याडमचं डोकं बघा आक्का, लई इचार केल्याला हाय." तेव्हा माझ्या डोक्यात काय झालं असेल? मला गावात सगळे आक्का म्हणतात. तिला म्याडम. ती मला शोभाताई म्हणते. मला ते आवडत नाही, पण तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही.

माझं म्हणणं होतं की तिला परवडतं. तिचा नवरा महिन्याला पगार आणतो. पीक कमी आलं तर ती म्हणेल, हरकत नाही. बाबगोंडा अण्णाला हरकत असते. हे मी बऱ्याच जणांना बोलून दाखवलं होतं. अण्णाच्या बायकोलाही, गौराक्काला. गौराक्का म्हणाली, "व्हय, पगार हाय म्हणून पानी स्वच्छ. मग आमच्या पोराला पगार लागला की आमचं बी हुईल म्हणा." ती चेष्टा करत होती की मान्य करत होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात गावात लक्ष्मीची जत्रा होती. बऱ्याच वर्षांनी भरणारी, मोठी. बेळगाव बाजूच्या गावांत जत्रेआधी पाळणूक असते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. जत्रेआधीचे पाच मंगळवार गावात शेतीचं काम बंद. उगवतीपासून दिवेलागणीपर्यंत मातीला लोखंड लावायचं नाही, औत नाही, मोटार नाही, मळणी नाही. सगळं गाव देवळापुढे नाहीतर पारावर बसतं. न पाळणाऱ्याला दंड असतो, पण दंडापेक्षा लोकांच्या तोंडाची भीती जास्त.

आता तळ्याचे पंखे शेतीत येतात की नाही? हा प्रश्न गावापुढे पहिल्यांदाच आला. गावचे पंच तातोबा आप्पा, सत्तरीचे, शांत बोलणारे. आधीच त्यांचा राग होता. मागच्या हंगामात आम्ही पीक काढलं तेव्हा काळं पाणी ओढ्यात गेलं होतं आणि आठवडाभर देवळापर्यंत वास होता. त्यांनी बाबगोंडा अण्णाला आणि मला देवळात बोलावून घेतलं.

"मोटार ती मोटार," ते म्हणाले. "उसाची बंद आणि कोळंबीची चालू, असं देवीला काय सांगू मी?"

अण्णा म्हणाला, "आप्पा, पंखा बंद झाला तर जीव जातोय त्यांचा."

"जत्रेनंतर तू तरी त्यांची आरती करणार हाईस काय? जीव जाणारच हाय."

देवळातली माणसं हसली. मग आप्पा माझ्याकडे वळले. "आक्का, पाळणूक मोडली तर तळी बुजवायची. गावानं ठरवलंय. वास सोसला, हे सोसायचं न्हाय."

ती नुसती धमकी नव्हती. गावाने वाट अडवली असती तर खाद्याची गाडी आत आली नसती, एवढं सोपं होतं ते. अण्णाचं तळं गेलं असतं आणि त्याच्याबरोबर माझं या भागातलं काम.

मी हिशेब मांडला. ऊन असलं की पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा स्वतःच प्राणवायू करतं, पंख्याची खरी गरज सूर्य मावळल्यावर. म्हणून पाळणुकीच्या दिवशी खाद्य बंद ठेवायचं, उगवतीपर्यंत पंखे जोरात चालवायचे, उगवल्यावर बंद करायचे आणि दिवे लागले की पुन्हा सुरू. मी आप्पांना होय म्हणून आले. विद्याला कोणी देवळात बोलावलंच नाही. तिचे पंखे दिवसा चालतच नव्हते. तिने फक्त एकदा मला बांधावर विचारलं, "शोभाताई, ढग आले तर?"

"वैशाखात कुठले ढग?" मी म्हणाले.

पहिले तीन मंगळवार कडक ऊन पडलं. दुपारी मीटर बघितलं तर प्राणवायू हवा त्याहून चढलेला. अण्णा खूश, आप्पा खूश. मी बांधावर छत्री लावून बसायचे आणि मुद्दाम विद्याच्या तळ्याकडे बघायचे नाही.

चौथ्या मंगळवारी सकाळपासून आभाळ भरून आलं. वळवाचे ढग, पण पाऊस नाही आणि वाराही नाही. आमच्याकडे असं झालं की माणसाचाही जीव घुसमटतो. ऊन नाही म्हणजे शेवाळ प्राणवायू करत नाही, उलट स्वतःच खातं. वारा नाही म्हणजे पाण्याला हवा लागत नाही. दुपारच्या जेवणाआधीच मीटरवरचा आकडा उतरायला लागला. जेवण झाल्यावर पहिली कोळंबी वर आली.

ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते. कोळंबी तळाशी राहणारा जीव आहे. ती वर येऊन काठाशी मिशा बाहेर काढून फिरायला लागली की समजायचं, खाली श्वास उरलेला नाही. आधी दहावीस दिसतात, मग काठ भरून जातो. बाबगोंडा अण्णाने ते बघितलं आणि मोटारीच्या पेटीकडे चालू लागला. गौराक्का आडवी उभी राहिली.

"बटन दाबायचं न्हाय."

"सर बाजूला. पीक चाललंय."

"पीक जाऊ दे. तळं जाऊ देऊ नको. मोटारीचा आवाज देवळात जातोय, आप्पा काय बहिरा न्हाय."

मग दोघं माझ्याकडे बघायला लागली. सल्ला द्यायला मी होते ना. चार पंखे समोर उभे, वीज आलेली, आणि मी काय सांगणार? मी म्हटलं, "गावात जाऊन माणसं घेऊन या. घमेली, पाट्या, बादल्या, मिळेल ते. हातानं पाणी उडवायचं. कुणी तळ्यात उतरायचं नाही, गाळ ढवळेल."

सगळं गाव रिकामंच बसलं होतं. तमाशा बघायला म्हणून निम्मी माणसं आली आणि आल्यावर हातात घमेलं घेतल्याशिवाय कुणाला राहवेना. बाया, म्हातारी माणसं, जत्रेसाठी आधीच येऊन राहिलेले पाहुणे. काठाकाठाने उभे राहून पाणी भरायचं आणि उंचावरून परत तळ्यात ओतायचं. एक म्हातारी म्हणाली, "जन्माला येऊन पाण्याला पानी घालायचं काम पैल्यांदाच करालोय." दुसरी म्हणाली, "तुज्या सुनंचा सयपाक असाच असतोय की." तातोबा आप्पा आले. ते काही बोलणार म्हणून अण्णा टोपी काढून उभा राहिला. आप्पांनी काठ बघितला, मिशा हलवत फिरणारी कोळंबी बघितली.

"आप्पा, हे शेतीचं काम धरायचं काय?" अण्णाने विचारलं.

"मातीला लोखंड न्हाय, मोटार न्हाय. माणसानं हात हलवू नये असं देवीनं कुठं सांगितलंय?" ते म्हणाले आणि एका पाहुण्याला बाजूला सारून स्वतः बादली घेतली.

पण घमेल्यांनी काठ तेवढा वाचतो. एक एकराच्या तळ्याचं मधलं पाणी कोण उडवणार? मी मीटर बुडवून बघत होते. आकडा उतरायचा थांबला होता, चढत नव्हता. ताजं, प्राणवायू भरलेलं पाणी हवं होतं, भरपूर आणि मोटारीशिवाय. ते कुठं आहे हे मला मघापासून ठाऊक होतं. विद्याची साठवण आमच्या वरच्या अंगाला, पुरुषभर उंचीवर. उथळ, पाणकणसाच्या मुळांनी गाळलेलं, विरळ माशांचं पाणी. त्यात पाइप टाकून, तोंडाने ओढून धार धरली की उताराने आपोआप खाली आलं असतं.

मला ते दुपारच्या जेवणाआधी सुचलं होतं. आधी गावाला बोलावलं, मग तिच्याकडे गेले. का ते आता सांगायची गरज नाही.

विद्या तिच्या शेडमध्ये मिरच्या निवडत बसली होती. बाहेर एवढा गलका चालला असताना तिच्या तळ्यात एकही कोळंबी वर नव्हती. मी उभ्यानेच म्हटलं, "तुमच्या वरच्या साठवणीतलं पाणी हवं होतं. सायफन लावून."

"घ्या की," ती म्हणाली आणि मिरच्यांचं सूप खाली ठेवलं. "किती पाइप आहेत तुमच्याकडे? माझ्याकडे पाच आहेत."

तिने थोडे तरी आढेवेढे घ्यायला हवे होते. मी मनात तयारी करून आले होते, दोन टोमणे ऐकायची. तिने ऐकवले नाहीत. मीच मग म्हटलं, "वैशाखातलं पाणी आहे. तुमचंच पुढे कमी पडेल."

"कमी पडलं तर लवकर काढीन. लहान निघेल. मला घाई नाही."

मला घाई नाही. हे वाक्य मी कधी कुणाला म्हटलेलं मला आठवत नाही.

तिचे पाच आणि अण्णाचे सात पाइप आडवे टाकले. पाइपात पाणी भरून दोन्ही तोंडं हातांनी दाबून एकेक पाइप उताराला सोडला. पडणाऱ्या धारेखाली विद्याने शेडमधल्या फळ्या आणून टाकायला लावल्या, म्हणजे पाणी फुटून पडेल आणि आणखी हवा धरेल. हे मलाही सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण मी आकड्याकडे बघत होते. पाणी पडायला लागलं तसं त्या कोपऱ्याकडे कोळंबी सरकायला लागली. कोपऱ्यातलं पाणी काळंभोर दिसायला लागलं इतकी. चहाच्या वेळेला आकडा चढला. मावळतीला वारा सुटला. देवळात दिवा लागल्याचा निरोप येताच अण्णाने बटन दाबलं आणि चारही पंखे सुरू झाले. काठाची काही कोळंबी मेली, ती आम्ही जाळीने काढली. पीक वाचलं. तळंही वाचलं.

सगळे दमून बांधावर बसले. विद्याने या सगळ्याचे फोटो काढले होते आणि तिथे बसल्या बसल्याच ते आम्हा तळेवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले, "गावाने हातांनी वाचवलेलं तळं" असं लिहून. एका फोटोत मी आहे, पाठमोरी, वाकलेली. माझ्या बाकीच्या तिन्ही गिऱ्हाइकांचे अंगठे लगेच त्यावर आले. एकाने विचारलं, म्याडम, ह्यो पाणी गाळायचा प्रकार आमच्याकडं बी व्हईल काय?

बाबगोंडा अण्णा माझ्या शेजारी येऊन बसला. गोड बोलायच्या तयारीत आहे हे मला त्याच्या बसण्यावरून कळलं.

"आक्का, तुमी व्हता म्हणून आज निभावलं."

"पुढचं बोला, अण्णा."

"ती वरची पट्टी हाय न्हवं माझी, दुसरं तळं खणायचं म्हणत व्हतो ती. तिथं आता म्याडमसारखी साठवण करावी म्हणतोय. बी बी कमीच सोडू. म्याडमना उद्या सकाळी बोलावलंय जागा दाखवायला." मग उठता उठता तो म्हणाला, "तुमी बी या की."

गौराक्काने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला मी ओळखते म्हणून सांगते, ती हसू दाबत होती.

माझं म्हणणं शेवटी ऐकलं गेलं, बी कमी सोडायचं ठरलं, काळं पाणी ओढ्यातून नदीला जाणार नव्हतं. वेदगंगेचं भलं झालं. पण ऐकलं गेलं ते तिचं म्हणून, आणि मला बोलावणं आलं ते पाहुणीसारखं. निपाणीच्या शेवटच्या बसने खोलीवर आले, भाकरी केली नाही, मुरमुरे खाल्ले आणि झोपले. रडले बिडले नाही. विचार केला, साठवण कुठे घ्यायची, उतार कुठे आहे, किती रुंद, किती खोल, गाळ काढायला गाडी कुठून आत येईल. हे सगळं मला अंकोल्यापासून पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने गेले. बुधवार होता, मातीला हात लावायला मोकळीक होती. बाबगोंडा अण्णाच्या ओसरीवरून चुन्याची पाटी आणि सुतळीचा गुंडा घेतला, गौराक्काने काही न विचारता दोन खुंट्या दिल्या. विद्या यायच्या आत वरच्या पट्टीवर साठवणीची तीन बाजूंची आखणी करून टाकली. पांढरी, सरळ, लांबून दिसेल अशी. बी पुरवणाऱ्या हॅचरीला फोन करून पुढच्या हंगामाची मागणी तिसऱ्या हिश्श्यावर आणली. अण्णा दात घासत आला, बघितलं आणि म्हणाला, "म्याडम यायच्या हाईत न्हवं अजून?"

"येऊ देत की," मी म्हटलं.

ती आली. पांढरे बूट, डोक्याला टोपी. तिने आखणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून बघितली आणि म्हणाली, "शोभाताई, छान आहे. फक्त खालची बाजू दोन हात पुढे घ्या. उतार तिथे वळतो."

मी वाकून बघितलं. उतार तिथे वळत होता. मी चपलेने चुना पुसला, सुतळी सोडवली आणि नवी रेघ मारायला घेतली. सुतळीचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. अण्णा मोकळाच उभा होता, पण मी टोक विद्याच्या हातात दिलं आणि तिला जिथे उभं राहायला सांगितलं तिथे कालच्या पाइपांमुळे गुडघाभर चिखल झाला होता. ती बूट न काढता सरळ आत गेली आणि सुतळी ताणून म्हणाली, "मारा."

मी रेघ मारली.